जांगडवर दिलेला अल्बम

मे महिन्यातली दुपार. सुरतच्या उधना स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत माणसं घामाने निथळत उभी असतात. त्या गर्दीत एका पोराने काळाकुट्ट टी-शर्ट घातलेला असतो. छातीवर झाडाच्या मुळ्यांसारखी एकमेकांत गुंतलेली अक्षरं. काय लिहिलंय ते आसपासच्या कुणालाच वाचता येत नाही. तेवढ्यात फलाटाच्या दुसऱ्या टोकाचा एक अनोळखी तरुण ती अक्षरं लांबूनच वाचतो, चालत जवळ येतो आणि नाव-गाव काही न विचारता थेट म्हणतो, "भाऊ, सध्या काय ऐकतोयस?" गाडी नंदुरबारला पोचेपर्यंत दोघांच्या मोबाइलमध्ये एकमेकांनी सांगितलेल्या आठ-दहा अल्बमांची यादी झालेली असते.

अशा भेटी मी सुरतेत आणि सुरतेबाहेरही पाहिल्या आहेत, आणि दर वेळी तोच प्रश्न पडला आहे. सिनेमाचे शौकीन, क्रिकेटचे शौकीन, लावणीचे शौकीन सगळेच आपापसांत बोलतात. पण हेवी मेटल ऐकणाऱ्यांमध्ये "काय ऐकतोयस?" हा प्रश्न रामराम घातल्यासारखा येतो. उत्तरही ठरलेल्या पद्धतीचं असतं: बँडचं नाव, अल्बमचं नाव, साल. एखादं गाणं सांगून भागत नाही. असं का?

उत्तर शोधायला सुरतच्याच एका बाजारात जाऊ. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात व्यापारी रस्त्यावर उभे राहून कागदाच्या पुड्या उघडतात. एकजण दुसऱ्याच्या हातात पुडी ठेवतो. घेऊन जा, भिंगाखाली नीट बघ, पसंत पडला तर ठेव, नाहीतर परत कर. अशा पसंतीवर दिलेल्या मालाला जांगड म्हणतात. मराठीतही हा शब्द जुना आहे. या व्यवहाराचं भांडवल म्हणजे देणाऱ्याची पारख आणि दोघांमधला विश्वास.

हेवी मेटल जगभर पसरलं ते जांगडवर. रेडिओने या संगीताला फारशी जागा दिली नाही, म्हणून ऐकणाराच त्याचा रेडिओ झाला. हे कसं घडलं ते पायरीपायरीने पाहू.

कारखान्यात जन्मलेला सूर

सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. पत्रे, पितळ, मोटारींचे भाग घडवणारं हे कारखान्यांचं शहर. १९६५ साली टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधलं बोट आणि अनामिका या दोन बोटांची टोकं तोडली. आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारवर सूर दाबायचा हात त्याचा उजवा, आणि तोच जायबंदी झाला.

तो निराश होऊन घरी बसलेला असताना कारखान्यातले त्याचे वरिष्ठ भेटायला आले. येताना त्यांनी जँगो राइनहार्टची एक रेकॉर्ड आणली आणि त्याला ऐकायला लावली. वादन ऐकून झाल्यावर सांगितलं की या गिटारवादकाच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत भाजून निकामी झाली आहेत, आणि हे सगळं तो उरलेल्या दोन बोटांवर वाजवतो.

आयोमीने पुन्हा गिटार हातात घेतली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणं बनवली, त्यांवर चामड्याचा तुकडा चिकटवला. जाड तारा दाबताना बोटं दुखत, म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे ताराच सैल केल्या. तार सैल केली की दाबायला सोपी जाते आणि तिचा सूरही खाली उतरतो. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमातल्या काही गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे. आज ज्या खर्जातल्या, जड आवाजाला आपण हेवी मेटल म्हणतो, त्याचं एक मूळ त्या दुखऱ्या बोटांत आहे.

आयोमीच्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि हेवी मेटलचा जन्म बहुतेक जण तिथपासून मोजतात. त्याच्या आधी मात्र एका माणसाने दुसऱ्याला एक रेकॉर्ड ऐकायला दिली होती. या संगीताच्या उगमाशीच एक जांगड आहे.

सा, प आणि फाटलेला आवाज

आता आवाजाकडे वळू. गिटार तर हिंदी सिनेमातही वाजते. मग इथे तीच गिटार करवतीसारखी का वाजते?

तार छेडली की ती एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूरही निघतात. तंबोऱ्यात नीट कान दिला तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो यामुळेच. हे उपस्वर. आता हा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त जोराने सोडला, तर लाटेचे उंच माथे त्यात मावत नाहीत. ठेंगण्या दारातून उंच माणूस जावा तसे ते छाटले जातात. माथा छाटलेल्या लाटेत नवे उपस्वर तयार होतात. आवाज दाट, खरखरीत आणि धारदार होतो. शिवाय मोठा-लहान सगळा आवाज एकाच उंचीला येत असल्यामुळे सूर लवकर विझत नाही, लांबत राहतो. याला डिस्टॉर्शन म्हणतात. हे मुद्दाम केलेलं असतं आणि नेमकं किती करायचं हे प्रत्येक वादक स्वतःच्या कानाने ठरवतो.

यातून एक गंमत निघते. अशा फाटलेल्या आवाजात दोन सूर एकत्र वाजवले, तर त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे सूरही आपोआप तयार होतात. समजा, सा सेकंदाला ११० कंपनांचा आहे. त्याचा पंचम सुमारे १६५चा. वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर त्याच सा च्या खालच्या सप्तकातला सा! वादकाने न वाजवलेला खर्ज आपल्याला ऐकू येतो. बेरीज २७५, तीही ५५च्या पटीतली. सगळे सूर एकाच घरचे निघतात आणि आवाज जाड पण स्वच्छ राहतो. त्यातच गंधारही वाजवला तर बेरजा-वजाबाक्यांतून आलेले सूर एकमेकांना अडतात आणि सगळं गढूळ होतं. म्हणून हेवी मेटलचा गिटारवादक बराच वेळ फक्त सा आणि प एकत्र वाजवतो. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. आपल्या तंबोऱ्याचा पायाही सा-प हाच आहे.

भीती वाटायला लावणारा सूरही आपल्या ओळखीचा आहे. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमातलं पहिलं गाणं तीन सुरांवर उभं आहे: सा, वरचा सा, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. सा आणि तीव्र मध्यम यांचं अंतर कानाला अस्वस्थ करतं. सूर कुठेतरी जाऊन टेकावा असं वाटत राहतं. गाणं तो टेकायचा क्षण लांबवत नेतं, आणि तेवढा वेळ ऐकणाराही श्वास धरून बसतो.

गोंगाट कधी संपतो?

शेजारच्याला हा गोंगाट वाटतो. ते खोटं नाही. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना तसंच वाटतं. त्याचं कारण उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या कुणालाही पटकन कळेल. यंत्रमागाच्या कारखान्यात नवखा माणूस शिरला की त्याला फक्त खडखडाट ऐकू येतो, शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कळत नाही. मागावर वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या कामगाराला त्याच खडखडाटात धोट्याची एक बाजू, दुसरी बाजू, फणीचा ठोका असं सगळं वेगळं ऐकू येतं. ठेका जरा चुकला की मान वळते. आवाज दोघांच्या कानांवर तोच पडतो, पण कामगाराच्या मेंदूला पुढचा ठोका कुठे पडणार ते आधीच माहीत असतं.

संगीत ऐकणं हे असंच पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधणं आहे. अंदाज बांधता येत नाही तोवर गोंगाट. बांधता येऊ लागला की लय. हेवी मेटलमध्ये एकाच वेळी खूप काही घडत असल्याने हा अंदाज जमायला तीन-चार वेळा ऐकावं लागतं. आणि तीन-चार वेळा ऐकण्याइतका धीर माणूस केव्हा धरतो? ज्याच्या पारखीवर विश्वास आहे अशा कुणीतरी "थोडं थांब, ऐकत राहा" असं सांगितलं, की मग.

काही बँडांत गायक गुरगुरत गातो. ती गुरगुर हीसुद्धा शिकलेली कला आहे. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. एरवी ती गाण्यात भाग घेत नाही. गुरगुरत गाणारा गायक श्वासाचा दाब सांभाळून त्या वरच्या घड्या थरथरवतो. सायबेरियातल्या तुवा प्रांतातले गायक पिढ्यान् पिढ्या याच घड्या वापरून खोल खर्जात गातात. रियाज नसताना नुसतं ओरडलं तर गळा बसतो. तंत्र असेल तर गायक दीड तास गातो.

राहिला रागाचा मुद्दा. हे संगीत ऐकून मुलं चिडखोर होतात, अशी घरोघरी चिंता असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली हे संगीत आवडीने ऐकणाऱ्या ३९ जणांवर प्रयोग केला. आधी त्यांना राग येईल अशा घटना आठवायला लावल्या, मग काहींना त्यांच्या आवडीचं संगीत ऐकू दिलं आणि काहींना शांत बसवलं. दोन्ही गटांचा राग उतरला. संगीत ऐकणाऱ्यांना वर उत्साहही वाटला. प्रयोग लहान आहे, त्यावरून सगळ्यांविषयी बोलता येणार नाही. पण ऐकणारे स्वतः जे सांगतात त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो: दिवसभराचा ताण या आवाजात ओतून मोकळं होता येतं.

गाणं नको, अल्बम सांग

आता दुसरा प्रश्न. उत्तरात एका गाण्याऐवजी पूर्ण अल्बमच का?

ख्याल ऐकणारा रसिक फक्त द्रुत बंदिशीवर समाधान मानत नाही. आलाप, विलंबित, मग द्रुत हा क्रम असतो, आणि द्रुताला झळाळी येते ती आधीच्या संथपणामुळे. हेवी मेटलचा अल्बम याच तत्त्वावर बांधलेला असतो. पहिलं गाणं बहुधा वेगवान, दार ढकलून आत येणारं. मध्ये एखादं संथ किंवा शब्दांविना वाद्यांचं. शेवटी लांबलचक गाणं, जिथे आधीचे धागे एकत्र येतात. काही अल्बमांत तर पूर्ण कथाच असते. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडने २०१७ साली 'दशावतार' नावाचा अल्बम केला, विष्णूच्या दहा अवतारांवर. मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा क्रम मोडून त्यातलं एकच गाणं ऐकलं, तर कीर्तनातला मधलाच अभंग ऐकल्यासारखं होईल.

याला एक साधं भौतिक कारणही आहे. ग्रामोफोनच्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, दोन्ही बाजू मिळून चाळीस-पंचेचाळीस. बँडने विचार केला तो या मापात. स्लेयर या बँडचा 'रेन इन ब्लड' हा १९८६चा अल्बम तर अर्ध्या तासाहूनही लहान, इतका की कॅसेटच्या दोन्ही बाजूंना पूर्ण अल्बम भरलेला असे. एक बाजू संपली की उलटायची आणि पुन्हा पहिल्यापासून!

अल्बम सांगण्यात माहितीही जास्त असते. या संगीतात घराणी आहेत. थ्रॅश म्हणजे अतिद्रुत आणि तुटक. डूम म्हणजे अतिविलंबित आणि जड. डेथ मेटलमध्ये गुरगुर आणि गुंतागुंतीचे ताल. ब्लॅक मेटलमध्ये धुक्यासारखा पसरलेला, मुद्दाम कच्चा ठेवलेला आवाज. पॉवर मेटलमध्ये उंच पट्टीतलं सुरेल गाणं. कोणता अल्बम आणि कोणतं साल एवढं सांगितलं की समोरच्याला तुमचं घराणं, तुमचा सध्याचा मूड आणि तुम्ही किती खोलात गेला आहात हे सगळं कळतं. टी-शर्टवरची न वाचता येणारी अक्षरं हेच काम न बोलता करतात. ज्याला वाचता आली, तो आपल्यातला.

कॅसेटचं गणित

हे संगीत पसरलं कसं? फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात घरोघरी पोचली होती. दोन कॅसेटी बसणारा डेक मिळाला की एकीवरून दुसरीवर नक्कल करता येई. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे बाजूला एक याप्रमाणे दोन अल्बम. हेवी मेटलचे चाहते अशा कॅसेटी टपालाने एकमेकांना पाठवू लागले. सोबत वहीच्या कागदावर हाताने लिहिलेली यादी: माझ्याकडे हे आहे, तुझ्याकडे काय आहे? या देवाणघेवाणीला टेप ट्रेडिंग म्हणत. ब्राझील, जपान, पोलंड, अमेरिका असे पत्ते त्या वह्यांत शेजारी शेजारी असत.

नक्कल करताना आवाज बिघडतो, हे ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना आठवत असेल. कॅसेटच्या पट्टीवर लोहाच्या संयुगाचे अगदी बारीक कण असतात. त्यांच्या विस्कळीतपणामुळे सतत एक 'सस्स' असा आवाज येत राहतो. नक्कल केली की जुन्या पट्टीचा 'सस्स' अधिक नव्या पट्टीचा 'सस्स'. नकलेची नक्कल केली की आणखी एक भर. म्हणजे पाचव्या पिढीच्या कॅसेटमध्ये पहिलीच्या पाचपट खरखर. पण आपल्या कानाला पाचपट शक्तीचा आवाज पाचपट मोठा वाटत नाही. ही वाढ सुमारे ७ डेसिबलची, कानाला जेमतेम दीडपटीहून थोडी जास्त. वरच्या पट्टीतले बारीक तपशील मात्र दर नकलेत थोडे थोडे विरत जातात.

आता दुसरी बाजू पाहा. एकाने पाच जणांना कॅसेट दिली, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना, तर पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस, आणि पाचव्या पायरीला तीन हजार एकशे पंचवीस. खरखर बेरजेने वाढते, पोहोच गुणाकाराने. बेरीज आणि गुणाकार यांच्या शर्यतीत कोण जिंकतं ते शाळेतलं पोरही सांगेल. त्यात हे संगीत इतकं दाट की ती खरखर गिटारच्या आवाजाखाली झाकून जाई.

मराठी रसिकांना हे नवं वाटू नये. खासगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची अशीच देवघेव आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. खोकल्याचे आवाज, पंख्याची घरघर, मध्येच संपलेली टेप या सगळ्यांसकट ती मुद्रणं हातोहात पुणे, मुंबई, नागपूर, इंदूर करत फिरली, आणि देणारा सांगे, "हा मारवा ऐकाच."

एका जाहिरातीपासून एका अल्बमपर्यंत

या साखळीची ताकद एका उदाहरणात दिसते. १९८१ साली लॉस एंजेलिसच्या एका जाहिरातींच्या वर्तमानपत्रात लार्स उलरिक या सतरा वर्षांच्या मुलाने छोटी जाहिरात दिली. तो स्वतः या संगीताचा मोठा संग्राहक. ड्रम वाजवतो, सोबती हवेत, एवढं सांगून त्याने पुढे तीन बँडांची नावं दिली: टायगर्स ऑफ पॅन टँग, डायमंड हेड, आयर्न मेडन. तो काय ऐकतो तेवढं त्या नावांत आलं. त्या जाहिरातीतून जेम्स हेटफिल्ड पुढे आला. दोघांनी मेटॅलिका हा बँड उभा केला.

१९८२ साली त्यांनी सात गाण्यांची एक नमुना कॅसेट केली. कोणत्याही कंपनीने ती बाजारात आणली नव्हती. तरी हातोहात नकला होत ती अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेली आणि न्यू जर्सीत, जुन्या बाजारात रेकॉर्डी विकणाऱ्या जॉनी झाझुला या दुकानदाराच्या हाती पडली. त्याने बँडला बोलावून घेतलं, अल्बम काढायला स्वतःची कंपनी उभी केली, आणि जुलै १९८३मध्ये 'किल 'एम ऑल' बाजारात आला. चाहत्यांच्या साखळीने केलेल्या प्रचारावर उभा राहिलेला हा बँड आज जगातल्या सर्वांत मोठ्या बँडांपैकी एक आहे.

पहाटेची गाडी आणि काळा घोडा

आपल्याकडे दुकानांत या संगीताच्या थोड्याच कॅसेटी येत. शहराशहरांत यादी घेऊन कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकानं होती, पण तिथेही हा माल क्वचित. सुरतच्या चाहत्याला मुंबईचा आधार मोठा. पहाटेची फ्लाइंग राणी पकडली की २६३ किलोमीटर पार करून दुपारच्या आत मुंबई सेंट्रल. काळा घोड्याला रिदम हाउस हे दुकान होतं. तिथे विकत घेण्याआधी छोट्या कक्षात उभं राहून संगीत ऐकता येई. जांगडच म्हणायची ती! २०१६ साली ते बंद झालं.

धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला. रॉक मशीन या मुंबईच्या बँडने १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढून दाखवला. १९९३ साली अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक निघालं आणि गावोगावच्या चाहत्यांना कळलं की आपण एकटे नाही. पुढे १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडनने बंगळूरला कार्यक्रम केला, आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून केली. ज्यांनी वर्षानुवर्षं खरखरीत कॅसेटींवर ऐकलं, त्यांच्यासमोर तेच संगीत प्रत्यक्ष उभं राहिलं. हजारो माणसं एकेक शब्द पाठ म्हणत होती. तो पाठ घरातल्या खोल्यांत, मित्रांनी दिलेल्या कॅसेटींवरच झाला होता.

यंत्राची शिफारस, मित्राची शिफारस

आज सगळं मोबाइलवर आहे. "तुम्हाला हेही आवडेल" असं ॲप स्वतःच सुचवतं. मग विचारायचं कशाला?

ॲपची शिफारस कशी चालते ते पाहा. सुरतेतल्या रिंग रोडच्या कापडबाजारातला दुकानदार अनुभवाने सांगतो की ज्या बाईने ही साडी घेतली तिला ती दुसरीही पसंत पडेल. ॲप हेच कोट्यवधी ऐकणाऱ्यांच्या नोंदी जुळवून करतं. तुमच्यासारखीच यादी असणारे लोक शोधतं आणि त्यांनी ऐकलेलं पण तुम्ही न ऐकलेलं पुढे करतं. पद्धत उपयोगी आहे. मलाही तिने चांगले अल्बम दिले आहेत. पण तिला दोन मर्यादा आहेत. जे संगीत अजून फारसं कुणी ऐकलेलंच नाही, त्याच्या नोंदीच नसतात, त्यामुळे एखाद्या लहान गावातल्या नव्या बँडपर्यंत ती सहज पोचत नाही. आणि ती साम्यावर चालते, म्हणून तुम्ही जिथे आहात त्याच्या आसपासच फिरवत राहते.

मित्र वेगळं करतो. त्याला ठाऊक असतं की तुझे वडील गेल्यापासून तू वेगवान काही ऐकत नाहीस, म्हणून तो एखादा संथ डूम अल्बम देतो आणि म्हणतो, रात्री दिवा मालवून ऐक. हे कुठल्याही नोंदीत नसतं. शिवाय सांगताना तो स्वतःची पारख पणाला लावतो. अल्बम आवडला नाही तर उद्या त्याला ते ऐकून घ्यावं लागणार असतं, म्हणून तो तोलून-मापून सांगतो. हिरेबाजारातली पुडी जशी ओळखीच्या हातातून आली की भिंग लावण्याआधीच मोलाची वाटते, तसंच.

देवघेवीत एक जबाबदारीही आहे. २००० साली मेटॅलिकाने नॅप्स्टर या फुकट गाणी वाटणाऱ्या सेवेवर खटला भरला, तेव्हा चाहते दुखावले. तुम्हीच तर नकलांवर मोठे झालात, असं ते म्हणाले. तरी बँडच्या म्हणण्यातही तथ्य होतं. जांगडमध्ये पसंत पडलेल्या मालाचे पैसे द्यायचे असतात, नाहीतर बाजार बुडतो. आजही लहान बँड तगतात ते चाहत्यांनी घेतलेल्या अल्बमांवर, टी-शर्टांवर आणि तिकिटांवर. ऐकायला द्यावं, ऐकून घ्यावं, आणि आवडलं तर विकतही घ्यावं, ही या बाजाराची रीत आहे.

थोडक्यात

• गिटारच्या आवाजाच्या लाटेचे माथे छाटले की नवे उपस्वर तयार होतात, हेच डिस्टॉर्शन. सा आणि प एकत्र वाजवले की न वाजवलेला खर्ज ऐकू येतो.
• पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधता आला की गोंगाटाची लय होते. त्यासाठी एकच अल्बम तीन-चार वेळा ऐकावा लागतो.
• अल्बमला ख्यालासारखा क्रम असतो, म्हणून चाहते गाण्याऐवजी अल्बमचं नाव आणि साल सांगतात.
• कॅसेटच्या नकलांत खरखर बेरजेने वाढे आणि पोहोच गुणाकाराने. म्हणून हे संगीत रेडिओविना जगभर गेलं.
• ॲप साम्य पाहतं, मित्र माणूस पाहतो.

पुडी पुढे जाते

५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथने बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात आपला शेवटचा कार्यक्रम केला. जिथे ते वाढले त्या ॲस्टन वस्तीत. मेटॅलिकासह अनेक बँड त्या दिवशी त्यांच्यासाठी वाजवायला आले. गायक ऑझी ऑझबर्न त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी गेला. साठ वर्षांपूर्वी दोन बोटं गमावलेला टोनी आयोमी त्या संध्याकाळी मंचावर उभा राहून गिटार वाजवत होता.

त्याच्याकडे रेकॉर्ड घेऊन आलेल्या वरिष्ठांना हेवी मेटल माहीत असायचं काही कारण नव्हतं. ते अजून जन्मालाच आलं नव्हतं. समोरचा पोरगा खचलाय आणि ही एक रेकॉर्ड त्याला उभं करू शकेल, एवढंच त्यांनी ओळखलं.

उधन्याच्या फलाटावरचा तो प्रश्न त्याच जातीचा आहे. कुणी तुम्हाला "सध्या काय ऐकतोयस?" असं विचारलं, तर विचार करून एकच अल्बम सांगा, ज्याने तुम्हाला खरोखर काही दिलं असेल असा. मग त्याला वेळ द्या. पुडी घरी जाऊ दे, भिंगाखाली फिरू दे. कदाचित ती परत येईल. कदाचित तिसऱ्याच हाती जाईल.